सहा इंची डॉब: बेळगावच्या अंगणातून ग्रह बघायला पुरते का?

पुरते. तीस-चाळीस हजारांच्या घरात ग्रहांसाठी याहून चांगलं काही मिळत नाही. पण खोक्यातून जे निघतं तेवढ्यावर भागत नाही, आणि जे करायला हवं ते सोबतच्या पुस्तिकेत धड लिहिलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर.

डॉब म्हणजे डॉबसोनियन दुर्बीण. नळीच्या तळाला १५० मिलिमीटर व्यासाचा पॅराबोलिक आरसा, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे एफ-८ (अंतर भागिले व्यास). तोंडाजवळ तिरका छोटा आरसा, बाजूला फोकसर (चित्र स्पष्ट करायला आत-बाहेर सरकणारी छोटी नळी), आणि सगळा डोलारा लाकडी फिरत्या बैठकीवर. मोटर नाही, वायर नाही. नळी सहा-सात किलो, बैठक दहाच्या आसपास. छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर नळी आडवी कशीबशी बसते, दुचाकीवरून न्यायचा विचार सोडून द्यावा. दोन-तीन कंपन्या याच मापाची दुर्बीण विकतात. आरशांत फारसा फरक नसतो, फरक असतो तो फोकसर, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि सोबतच्या आयपीसमध्ये (डोळा लावायचं भिंग). बेळगावकरांना ती पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूहून मागवावी लागते.

आधी एक फसवणूक टाळा. खोक्यावर ‘५२५ पट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणी ऑनलाइन भरपूर विकल्या जातात. तो आकडा येतो तो असा: ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, भागिले ४ मिलिमीटरचं आयपीस, गुणिले तीनपट बार्लो (पट वाढवणारं जोडभिंग). गणित बरोबर, उपयोग शून्य. आरशाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही वरची मर्यादा. म्हणजे ७६ ला दीडशे, त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि काळवंडतं. शिवाय त्यांचा काडीसारखा ट्रायपॉड फोकसरला हात लावला की तीन-चार सेकंद थरथरतो. १५० मिलिमीटरला कागदावर ३०० पट मिळते, आपल्या हवेत बहुतेक रात्री १५० ते २००. ग्रहांना तेवढी भरपूर होते. गुरू प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर, असताना साधारण ४५ विकलांचा असतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ४८ पटीतच तो नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा होतो, २०० पटीत त्याच्या पाचपट.

खोकी आली की नळी बाहेर काढण्याआधी मोठ्या आरशाकडे बॅटरीने बघा. तीन क्लिपा आरशाला जेमतेम टेकलेल्या हव्यात. आवळून बसवलेल्या असतील तर काच दबते आणि तारा गोल न दिसता त्रिकोणी दिसतो. क्लिप आणि काच यांच्यामध्ये कागद सरकला पाहिजे, इतपत सैल करा. बैठक जोडताना मधला बोल्ट पूर्ण पिळू नका. तो इतकाच आवळायचा की बोटाने ढकलल्यावर नळी हलावी आणि बोट काढल्यावर जागच्या जागी थांबावी. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण २०० पटीत ग्रह एका मिनिटात दृश्यक्षेत्राच्या या टोकापासून त्या टोकाला निघून जातो. दर वीस-तीस सेकंदांनी नळीला हलका धक्का द्यायचा असतो. बैठक अडकत असेल तर धक्का दिला की ग्रह पार बाहेर फेकला जातो, आणि बघणारा वैतागून उठतो.

यानंतरचं काम कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं. इतक्या लांबच्या प्रवासात ते हललेलंच असतं असं धरून चाला. सोबत साधी कोलिमेशन कॅप मिळत नसेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. उद्यमबाग किंवा मच्छे भागातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून नायलॉनचा एक बूच वळवून घ्या: बाहेरचा व्यास ३१.६ मिलिमीटर, मधोमध दोन मिलिमीटरचं भोक, आतल्या बाजूला पांढरा कागद चिकटवलेला. फोकसरचं तोंड सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर असतं. जॉब ३१.७५ चाच वळवला तर तो आत जाणार नाही आणि ३१.३ चा केला तर डुगडुगेल. ही सूट ज्याला सांगावी लागत नाही असे कारागीर या गावात गल्लोगल्ली आहेत, त्याचा फायदा घ्या.

नळी आडवी ठेवूनच काम करा. उभी ठेवली आणि हातातून ॲलन की सुटली तर ती थेट मोठ्या आरशावर पडते. भोकातून बघत आधी छोट्या आरशाचे तीन बारीक स्क्रू फिरवा. एक सैल केला की दुसरा आवळायचा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मोठ्या आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसल्या की इथे थांबा. मग नळीच्या तळाचे लॉकचे तीन स्क्रू सैल करून उरलेले तीन फिरवा. मोठ्या आरशाच्या केंद्रावर चिकटवलेली छोटी रिंग कॅपच्या भोकाच्या प्रतिबिंबाभोवती बरोबर बसली की झालं. शेवटी लॉक आवळा, पण हलक्या हाताने, नाहीतर केलेलं सगळं हलतं. एफ-८ असल्याने ही दुर्बीण थोडं उन्नीस-बीस चालवून घेते. एफ-५ वाली घेतली असती तर हेच काम दर रात्री करावं लागलं असतं.

ताऱ्यावर शेवटची तपासणी करायला पुस्तकं ध्रुवतारा सुचवतात, कारण तो हलत नाही. आपल्याकडे तो सल्ला उपयोगाचा नाही. बेळगावचं अक्षांश १५.८५ अंश, म्हणून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर, धुरळ्यात आणि दिव्यांच्या उजेडात. इतक्या खाली हवा उकळत असते, तारा कधीच स्थिर दिसत नाही. त्यापेक्षा ६० अंशांच्या वरचा एखादा ठळक तारा घ्या, १२० पटीत किंचित आउट ऑफ फोकस करा. वर्तुळं एकात एक समान दिसली तर ठीक, एका बाजूला सरकलेली दिसली तर मोठ्या आरशाचा स्क्रू त्या हिशोबाने हलवा. एकाने बघायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एकट्याचं काम नाही.

बहुतेकांचा हिरमोड होतो तो यापुढे. आरसा जाड काचेचा असतो. हिवाळ्यात घरात २५-२६ अंश आणि बाहेर १४ असं असेल तर काच थंड व्हायला चाळीस मिनिटं ते तास लागतो. तोपर्यंत नळीत गरम हवेचे झोत फिरत राहतात आणि गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा लवलवतो. लोक म्हणतात भिंग खराब आहे. भिंग नव्हे, घाई. दिवेलागणीलाच दुर्बीण बाहेर ठेवा, जेवून या, मग बघा. आणि शक्यतो स्लॅबवर नको. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असतं, शेजारचे पत्रेही तसेच. अंगण, गवत, भाताचं कापलेलं शेत यांपैकी काहीही चालेल.

अंधारं आकाश मात्र ग्रहांना लागत नाही. शहापूरच्या गल्लीत दिव्याच्या खांबाकडे पाठ करून बसलात तरी गुरूचे पट्टे जांबोटीइतकेच दिसतील. तेजोमेघ, दीर्घिका बघायच्या असतील तेव्हाच खानापूरच्या पश्चिमेला किंवा चोर्ल्याच्या बाजूला जायचं. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीनंतर पाला पेटवतात, त्या धुराने आकाश दुधाळ होतं. तारे बुडतात, पण ग्रहांचं फारसं बिघडत नाही. ग्रहांना हवा स्थिर लागते, स्वच्छ असलीच पाहिजे असं नाही. तारे फार लुकलुकत असतील तर त्या रात्री ५० पटीवर समाधान माना.

अक्षांशाचा आपल्याला मोठा फायदाही आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीत येतात, गुरू १० तारखेच्या सुमारास, मंगळ १९ च्या. दोघांची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उत्तरेला सुमारे १५ अंश, म्हणजे मध्यरात्री ते बेळगावच्या जवळजवळ थेट डोक्यावर असतील. युरोपातल्या निरीक्षकाला ते इतके वर कधीच मिळत नाहीत. अडचण एवढीच की डॉबला नेमका डोक्यावरचा भाग जड जातो. नळी उभी झाली की बाजूला सरकवायला पकड उरत नाही. त्यामुळे मध्यरात्रीच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर बघा. तेव्हाही ग्रह साठ अंशांच्या वर असतो आणि नळी नीट हलते.

आता दिसतं काय ते. घरी दुर्बीण लावली की गल्लीतून पहिला प्रश्न ठरलेला: ‘चांद्रयान दिसतंय काय वो?’ नाही दिसत, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे. १५० मिलिमीटरची विभेदनक्षमता, म्हणजे वेगळं ओळखता येणारं सर्वांत लहान अंतर, ०.७७ विकला. चंद्राच्या अंतरावर हे साधारण दीड किलोमीटर होतं. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर दोन मीटरचा. पण तो उतरला ती जागा नक्की दाखवता येते. ६९.३७ अंश दक्षिण, ३२.३२ अंश पूर्व, मँझिनस या ९८ किलोमीटरच्या विवराजवळ. दक्षिण कडेला असल्याने तिथली विवरं गोल न दिसता चपट्या लंबवर्तुळासारखी दिसतात. उत्तर-दक्षिण मापं जवळपास एक तृतीयांशावर आलेली असतात. तिथी महत्त्वाची. त्या रेखांशावर सूर्योदय शुद्ध पंचमीच्या शेवटी होतो, म्हणून षष्ठी-सप्तमीला सावल्या लांब असतात आणि विवरांच्या भिंती उठून दिसतात. पौर्णिमेला तोच भाग सपाट चुन्यासारखा. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला तेव्हाही शुद्ध सप्तमीच होती, कारण तिथे नुकती सकाळ झालेली हवी होती: चौदा दिवसांचा उजेड पुरेपूर वापरता यावा म्हणून. या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, दक्षिण वर येते. नकाशा उलटा धरला की काम सोपं होतं.

त्या जागेवर प्रज्ञान रोव्हरच्या उपकरणांनी गंधक पक्कं केलं. मातीची घडण फेरोअन ॲनॉर्थोसाइट या चंद्राच्या जुन्या कवचातल्या खडकाशी जुळते हेही निघालं, म्हणजे चंद्र एकेकाळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या कल्पनेला दक्षिणेकडूनही आधार मिळाला. चास्टे या तापमापकाने सूर्याकडे झुकलेल्या उतारावर ८२ अंश सेल्सियस मोजलं, तर मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी ते सुमारे ५९ भरलं. दुर्बिणीत शेजारशेजारचे उजळ आणि काळे उतार बघताना हे आकडे डोक्यात असावेत. ध्रुवाकडे झुकलेल्या, सावलीतल्या उतारांवर बर्फ टिकू शकेल असं शास्त्रज्ञ का म्हणतात, ते तिथे डोळ्यांनी पटतं.

गुरूवर वेळ काढा. १२० पटीत दोन मुख्य पट्टे आणि चारही मोठे चंद्र सहज दिसतात, २०० ला पट्ट्यांच्या कडांच्या खाचा दिसू लागतात. तांबडा ठिपका (गुरूवरचं प्रचंड वादळ) फिकट केशरी असतो, फोटोंसारखा लाल नव्हे. गुरू ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, त्यामुळे ठिपका मध्यरेषेवर येण्याच्या आधी-नंतर पाऊण तासच चांगला दिसतो. वेळ मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघूनच बसा. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाने बघितला तेव्हा तो सुमारे २३,००० किलोमीटर रुंद होता, आता पृथ्वीपेक्षा थोडाच मोठा उरला आहे. हबल या अवकाश दुर्बिणीच्या २०२३-२४ मधल्या मोजणीत तो साधारण ९० दिवसांच्या चक्रात किंचित आकसतो आणि फुगतो असंही आढळलं. हे बारकावे या आरशातून मोजता येत नाहीत, पण ठिपका शोधायला पूर्वीपेक्षा डोळे ताणावे लागतात, याचं कारण हेच.

या चार चंद्रांपैकी आयो सर्वांत आतला, साडेबेचाळीस तासांत फेरी. त्याची सावली गुरूवर पडते तेव्हा शाईचा थेंब टाकावा तसा काळाभोर बिंदू सरकताना दिसतो, आणि हे दृश्य एकट्याने दुर्बिणीची किंमत वसूल करतं. जूनो यान ३० डिसेंबर २०२३ आणि ३ फेब्रुवारी २०२४ ला आयोपासून दीड हजार किलोमीटरवरून गेलं. त्या मोजमापांवरून २०२४ च्या शेवटी निष्कर्ष आला की आयोच्या पृष्ठाखाली लगेच सगळीकडे पसरलेला लाव्हाचा समुद्र नाही. त्याच्या बाहेरचा चंद्र युरोपा. नासाचं युरोपा क्लिपर १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, एप्रिल २०३० मध्ये पोहोचेल. युरोपीय अवकाश संस्थेचं ज्यूस यान जुलै २०३१ मध्ये पोहोचणार, त्याचं मुख्य लक्ष्य गॅनिमीड हा चंद्र. या यानांच्या बातम्या पुढची काही वर्षं येत राहतील, आणि ते चंद्र आज रात्री अंगणातून वेगवेगळे ओळखता येतात.

शनीकडून सध्या अपेक्षा बेताची ठेवा. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्या दृष्टीने अगदी कडेवर आली होती. आता दक्षिण बाजू हळूहळू उघडते आहे आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडेल. तोवर कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी रेघ) कड्यांच्या दोन टोकांनाच, तीही स्थिर रात्री. त्याच मार्च महिन्यात शनीच्या १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळून संख्या २७४ झाली. या दुर्बिणीत त्यांपैकी टायटन, ऱ्हिया, टेथिस, डायोनी असे चार, क्वचित आयापेटस पाचवा. टायटन लहान फाइंडरच्या आवाक्याबाहेर असला तरी ४८ पटीत ठळक दिसतो. तिथे उडणारं ड्रॅगनफ्लाय जुलै २०२८ मध्ये पाठवायची नासाची योजना आहे.

मंगळ फेब्रुवारी २०२७ लाही १४ विकलांच्या आतच राहील, म्हणून १८०-२०० पटीच्या खाली काही कळणार नाही. सिर्टिस मेजर हा काळा त्रिकोणी भाग समोर असेल तेव्हाच बघा. त्याच्या पूर्वेला लागूनच जेझेरो विवर आहे, जिथे नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरने २०२४ च्या जुलैमध्ये चेयावा फॉल्स नावाचा ठिपकेदार खडक खोदला. त्या ठिपक्यांमागे प्राचीन सूक्ष्मजीव असू शकतात असा शोधनिबंध सप्टेंबर २०२५ मध्ये आला. सिद्ध काही झालेलं नाही, नमुने पृथ्वीवर आल्याशिवाय होणारही नाही. मंगळ २४ तास ३७ मिनिटांत फिरतो, म्हणून रोज त्याच वेळी बसलात तर तोच भाग आठवडाभर थोडा थोडा सरकत दिसतो.

शुक्राच्या फक्त कला दिसतात, ढगांपुढे दुर्बिणीचं काही चालत नाही. खालचे ज्वालामुखी रडारनेच दिसतात. मॅगेलन यानाच्या १९९१ च्या चित्रांत एक ज्वालामुखमार्ग आठ महिन्यांत रुंदावल्याचं २०२३ मध्ये लक्षात आलं. आपली शुक्र मोहीम १,२३६ कोटींची, मार्च २०२८ साठी मंजूर आहे. युरेनस हिरवट ठिपका, तेवढंच.

सोबत येणारं २५ मिलिमीटरचं आयपीस चांगलं असतं. १० मिलिमीटरचं नाही: कडेचं चित्र पसरतं आणि डोळा फार जवळ न्यावा लागतो, चष्मेवाल्यांना तर अशक्यच. पहिला जादा खर्च ६ किंवा ७ मिलिमीटरच्या, ६० अंशांच्या वर दृश्यक्षेत्र असलेल्या आयपीसवर करा. ६ ला २०० पट, ७ ला १७०. स्वस्त बार्लोवर पैसे घालू नका. फाइंडर ६×३० चा असेल तर दिवसा दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर जुळवून घ्या, रात्री जुळवायला गेलात तर तासभर जातो.

जून ते सप्टेंबर आकाश बंद. खानापूर-कणकुंबीच्या दमट हवेत आरशाचा थर आणि आयपीसची काच दोन्हींना धोका. दोन्ही टोपणं लावून नळी कोरड्या खोलीत आडवी, आत सिलिका जेलच्या पिशव्या, महिन्याला एकदा तव्यावर कोरड्या करून परत. बैठक पार्टिकल बोर्डची असते, कडा ओल्या झाल्या की फुगते. कडांना आधीच वार्निश मारा. पुढेमागे फुगलीच तर सुताराकडून १८ मिलिमीटर मरीन प्लायची तशीच करून घ्या, मूळ बैठकीपेक्षा टिकते. आरशावर धूळ दिसली म्हणून पुसू नका, थोड्या धुळीने काही बिघडत नाही. चार-पाच वर्षांनी धुवायचाच झाला तर डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, कापूस न दाबता स्वतःच्या वजनाने ओढायचा, परत डिस्टिल्ड पाणी, आणि आरसा उभा वाळवायचा. बोअरच्या पाण्याने क्षारांचे डाग पडतात, ते जात नाहीत.

सूर्याकडे ही दुर्बीण नुसती वळवू नका. बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर, संपूर्ण आरसा झाकेल अशी सौर फिल्म घट्ट बसवलेली हवी, आणि फाइंडर काढून ठेवलेला. आयपीसमध्ये बसवायचे छोटे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, डोळा क्षणात जातो. असा फिल्टर कुणी दिला तर फोडून टाका.

जुनी घ्यायची असेल तर दिवसा तोंडातून बघून आरशावर दुधी डाग आहेत का तपासा, फोकसर पूर्ण आत-बाहेर करून तो एका बाजूला झुकतो का ते बघा, आणि रात्री एका ताऱ्यावर लावल्याशिवाय पैसे देऊ नका. नवीन मागवायची तर सप्टेंबरच्या मध्यात मागवा. बदलून घ्यावी लागली तरी दिवाळीच्या आधी हातात येते.